तीन वर्षांचे रविवार



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो महागाईभत्त्यावर नाहीतर बोनसवर बोलणार, असे लोक धरून चालतात. आमचा आजचा विषय मात्र एक संख्या आहे. ती अशी :

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

एकंदर एकवीस अंक. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. ती सगळी खर्ची घातली तरी ही संख्या पुरून उरते. परार्धात मोजायची तर १,४७५ परार्ध भरून वर शिल्लक राहते. परंतु केवळ मोठी आहे एवढ्याने कोणत्याही संख्येला इतिहास प्राप्त होत नाही. हिच्याविषयी एका विद्वान आणि सज्जन माणसाने १६४४ साली एक विधान केले. पुढे २३२ वर्षे ते कोणाला खोडून काढता आले नाही. आणि ते चुकीचे होते. ते चुकीचे आहे हे कोणाच्या श्रमाने आणि कशा रीतीने ठरले, एवढेच आज सांगावयाचे आहे. आम्ही काही गणिताचे पदवीधर नाही. जे शिकलो ते रात्रीच्या वर्गात आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा जेथे पेन्सिल चालवून ताळा पाहता येतो, तेथे तो पाहूनच बोलण्याचा आमचा प्रयत्न राहील.

ही संख्या तशी आपल्या ओळखीची आहे. बुद्धिबळाच्या पटाची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली असेल. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ, अशी मागणी मान्य करून बसलेल्या राजाची कोठारे रिकामी झाली, पण पट काही भरला नाही. चौसष्ट घरांतील दाण्यांची बेरीज दोनाच्या चौसष्टाव्या घाताहून एकाने कमी भरते. त्या पटाला आणखी तीन घरे असती, म्हणजे सदुसष्ट घरे असती, तर जी बेरीज आली असती ती ही आमची संख्या. दोनाचा सदुसष्टावा घात, उणे एक.

आता प्रश्न असा, की ही संख्या मूळ आहे की संयुक्त? सात, अकरा, तेरा या संख्यांना एक आणि स्वतः यांखेरीज कशानेही निःशेष भाग जात नाही. त्या मूळ संख्या. पंधरा म्हणजे तीन पाचे, ती संयुक्त. संख्या लहान असेल तर हा निवाडा शाळकरी मुलगाही देतो. एकवीस अंकी संख्येचा निवाडा मात्र कोणी द्यायचा?

दोनाच्या घातातून एक वजा केलेल्या संख्यांकडेच लोकांचे लक्ष का गेले, त्यालाही कारण आहे. युक्लिडाने आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते, की अशी संख्या जर मूळ निघाली तर तिच्यापासून एक ‘परिपूर्ण’ संख्या तयार होते. परिपूर्ण म्हणजे जिच्या लहान भाजकांची बेरीज तिच्याइतकीच भरते ती. सहाचे भाजक एक, दोन, तीन, बेरीज सहा. अठ्ठाविसाचे भाजक एक, दोन, चार, सात, चौदा, बेरीज अठ्ठावीस. त्यानंतर येतात ४९६ आणि ८,१२८. या संख्यांच्या मागे युरोपातले विद्वान शतकानुशतके लागले होते. घातांक मूळ असला म्हणजे संख्याही मूळ असणार, असा पुष्कळांचा समज होता. १५३६ साली रेगियस नावाच्या पंडिताने दाखवले की तसे नाही. दोनाचा अकरावा घात उणे एक म्हणजे २,०४७. आणि २३ गुणिले ८९ बरोबर २,०४७. घातांक अकरा, म्हणजे मूळ. पण संख्या संयुक्त निघाली. येथून पुढे प्रत्येक घातांकाची चौकशी स्वतंत्रपणे करणे भाग पडले.

अशा वेळी पॅरिसच्या एका मठात राहणारा मारँ मर्सेन हा संन्यासी पुढे आला. त्याचा जन्म १५८८ चा, मृत्यू १६४८ चा. त्या काळी विद्वानांची नियतकालिके नव्हती. मर्सेनची मठातली खोली हेच युरोपातल्या गणितज्ञांचे टपाल कार्यालय होते. देकार्त, फर्मा यांसारखी माणसे त्याला पत्रे लिहीत आणि तो एकाचे म्हणणे दुसऱ्याला कळवी. १६४४ साली त्याने एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत असे सांगितले, की २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ या अकरांसाठीच ही संख्या मूळ असते. बाकी सर्व संयुक्त.

पहिल्या सातांचा हिशेब तोवर होऊन गेला होता. पुढच्या चारांना सिद्धता दिलेली नव्हती. पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे पाहू गेल्यास सारा काळ अपुरा पडेल, अशा अर्थाचे मर्सेन स्वतःच लिहून गेला आहे. मग एकवीस अंकांच्या संख्येविषयी त्याने कशाच्या आधारावर सांगितले? आधार त्याने दिला नाही. दिले ते नाव. आणि नाव मोठे होते. यादी पुस्तकातून पुस्तकात उतरत राहिली, आणि या जातीच्या संख्यांना आजही ‘मर्सेन संख्या’ म्हणतात.

सुदैवाने त्याच्याच पत्रव्यवहारातून एक हत्यार निघाले होते. फर्माने १६४० मध्ये दाखवले, की या संख्यांचे मूळ भाजक वाटेल ते असू शकत नाहीत. घातांकाची दुप्पट करा, तिच्या कोणत्याही पटीत एक मिळवा. भाजक असलाच तर तो याच रांगेत सापडेल. घातांक अकरा असेल तर दुप्पट बावीस. बावीस अधिक एक तेवीस. बावीस चोक अठ्ठ्याऐंशी अधिक एक एकोणनव्वद. मघाचे दोन्ही भाजक रांगेत आले. आमच्या संख्येचा घातांक सदुसष्ट, दुप्पट १३४. म्हणून भाजक शोधायचा तो १३४ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या संख्यांत. एवढ्याने शोधाचे रान पुष्कळ कमी झाले. आणि १७७२ पर्यंत ऑयलर या महान गणितीने अशाच युक्त्यांनी घातांक ३१ ची संख्या, म्हणजे २,१४,७४,८३,६४७, मूळ असल्याचे सिद्ध केले. मर्सेनचे तेवढे खरे ठरले. ६७ मात्र जागच्या जागी राहिला.

मग १८७६ साली फ्रान्समधील एदुआर ल्यूका या शिक्षकाने भाजक न शोधताच निवाडा देणारी रीत काढली. तिचे सोपे रूप अमेरिकेतील लेहमरने १९३० मध्ये दिले. ते येथे करून दाखवण्यासारखे आहे. घातांक सात घेऊ, संख्या १२७. आरंभ चारापासून करायचा. चाराचा वर्ग करून दोन वजा केले, चौदा. चौदाचा वर्ग वजा दोन, १९४. त्याला १२७ ने भागून बाकी ६७. सदुसष्टाचा वर्ग वजा दोन, भागून बाकी ४२. बेचाळिसावरून १११. आणि १११ चा वर्ग वजा दोन म्हणजे १२,३१९. याला १२७ ने भागले की बाकी शून्य. घातांकापेक्षा दोन कमी, म्हणजे पाच पायऱ्या झाल्या आणि शेवटी शून्य आले; म्हणून १२७ मूळ. शून्य न येते तर संयुक्त. ही रीत ६७ ला लावायची तर अशा पासष्ट पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला वीस-एकवीस अंकांचा वर्ग आणि मग भागाकार.

ल्यूकाने स्वतःच्या रीतीने हिशेब केला आणि जाहीर केले, की १२७ चे मर्सेनचे विधान खरे, ६७ चे खोटे. घातांक १२७ ची संख्या ३९ अंकांची आहे. यंत्राच्या साहाय्यावाचून मूळ म्हणून सिद्ध झालेली तिच्याहून मोठी मर्सेन संख्या दुसरी नाही. परंतु ६७ च्या बाबतीत एक विचित्र स्थिती उत्पन्न झाली. संख्या संयुक्त आहे हे कळले, पण तिचे अवयव कोणते हे कळले नाही. आमच्या व्यवहारातला दाखला द्यायचा तर, जमाखर्चाचा ताळा बसत नाही एवढे सिद्ध झाले. खोटी रक्कम कोणत्या पानावर आहे ते मात्र उमगले नाही.

येथे या इतिहासात एक गंमत घडली. १८८३ साली रशियात, उरल भागातल्या इव्हान पर्वुशिन या खेड्यातल्या धर्मोपदेशकाने घातांक ६१ ची संख्या मूळ असल्याचे दाखवले. मर्सेनच्या यादीत ६१ नव्हता. तेव्हा काही जणांनी असा तर्क लढवला, की मर्सेनने ६१ च लिहिले असेल. छापताना ६१ चे ६७ झाले असेल! म्हणजे चूक संन्याशाची नाही, खिळे जुळवणाऱ्याची. श्रोतेहो, आम्ही या धंद्यात बरीच वर्षे काढली आहेत. मोठ्या माणसाच्या हातून चूक झाली की ती शेवटी कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलाखाली ढकलली जाते, हे आम्हाला पाठ आहे. १६४४ सालच्या त्या जुळाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक नाही. बचावाला तो येऊ शकत नव्हता.

त्याचा बचाव पुढे आकड्यांनीच केला. राल्फ अर्नेस्ट पॉवर्स हा अमेरिकेत एका रेल्वे कंपनीत नोकरी करणारा हौशी गणिती. त्याने १९११ साली घातांक ८९ ची आणि १९१४ साली १०७ ची संख्या मूळ असल्याचे दाखवले. हे दोन्ही घातांक मर्सेनच्या यादीत नव्हते. पुढे २५७ ही संयुक्त निघाला. १९४७ मध्ये, म्हणजे तीनशे तीन वर्षांनी, २५७ पर्यंतची सगळी यादी तपासून पूर्ण झाली, तेव्हा पाच चुका भरल्या : ६७ आणि २५७ नको असताना घातलेले, आणि ६१, ८९ व १०७ हवे असताना गाळलेले. पाच चुका एका खिळ्याच्या नसतात. जुळारी निर्दोष सुटला. आणि त्याला सोडवण्यात एका रेल्वे नोकराचा मोठा वाटा होता, याचा आम्हाला व्यक्तिशः आनंद वाटतो.

आता मुख्य प्रसंगाकडे येऊ. फ्रँक नेल्सन कोल हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक होते. १८६१ चा जन्म. अमेरिकन गणित संस्थेचे ते १८९६ पासून १९२० पर्यंत चिटणीस होते. चिटणीस म्हणजे काय ते संघटनेत काम केलेल्यांना सांगायला नको : इतिवृत्ते, वर्गणी, पत्रव्यवहार आणि दुसऱ्यांच्या लेखांची मुद्रिते. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी, शनिवारी, संस्थेची सभा भरली होती. मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याविषयीचा त्यांचा निबंध कार्यक्रमात होता.

पुढची हकीकत एरिक टेम्पल बेल या गणितज्ञाने लिहून ठेवली आहे. कोल उठले, फळ्यापाशी गेले आणि एक अक्षर न बोलता दोनाचा सदुसष्टावा घात मांडून त्यातून एक वजा केला. मग फळ्याच्या मोकळ्या भागाकडे सरकून त्यांनी दोन संख्या एकीखाली एक लिहिल्या,

७,६१,८३,८२,५७,२८७ आणि १९,३७,०७,७२१

आणि त्यांचा गुणाकार केला. दोन्ही उत्तरे जुळली. कोल जागेवर जाऊन बसले. सभेने टाळ्यांचा कडकडाट केला. प्रश्न कोणीही विचारला नाही. पुढे १९११ साली बेलने त्यांना विचारले, याला किती वेळ लागला? कोल म्हणाले, तीन वर्षांचे रविवार.

बेल हा गोष्ट रंगवून सांगणारा लेखक म्हणून प्रसिद्ध आहे, आणि त्याने ही हकीकत छापली ती १९५१ मध्ये, कोल यांच्या मृत्यूला पंचवीस वर्षे लोटल्यावर. तेव्हा त्या दिवशीच्या शांततेवर कोणी शंका घेतली तर आम्ही वाद घालणार नाही. परंतु येथेच या प्रकरणाचे मर्म आहे. हकीकतीसाठी बेलवर विश्वास ठेवावा लागतो. गुणाकारासाठी कोणावरही ठेवावा लागत नाही. पहिला ताळा आपण बसल्या जागी पाहू. नवांच्या ताळ्याने पहिल्या संख्येच्या अंकांची बेरीज ६४, म्हणजे दहा, म्हणजे एक. दुसरीच्या अंकांची बेरीज ३७, म्हणजे दहा, म्हणजे एक. एके एक एक. आमच्या एकवीस अंकांची बेरीज १०९, म्हणजे दहा, म्हणजे पुन्हा एक. ताळा बसला. फर्माची कसोटी लावा : १९,३७,०७,७२१ मधून एक वजा करून १३४ ने भागा, १४,४५,५८० पूर्ण येतात, बाकी काही नाही.

तो १४,४५,५८० चा आकडा जरा न्याहाळण्यासारखा आहे. रांगेत अगदी आरंभापासून एकेक भाजक लावून पाहायचे ठरवले असते तर इतक्या संख्या कोल यांच्या वाटेत होत्या. दुसऱ्या एका नियमाने त्यातल्या निम्म्या बाद होतात. तेरापर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग जाणाऱ्या आणखी बाद होतात. तरी पावणेतीन लाखांवर उरतात. एका भागाकाराला दहा मिनिटे आणि रविवारचे आठ तास काम धरले, तर शंभरावर वर्षे हवीत. कोल यांनी तीन वर्षांत काम आटोपले याचा अर्थ त्यांनी कष्टाच्या जोडीला डोके वापरले. वर्गांच्या बाक्यांचे नियम लावून त्यांनी मोठमोठे पट्टेच्या पट्टे आधी बाद केले आणि उरलेले रान तेवढे पायी तुडवले.

रविवारचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट बोलल्याशिवाय आम्हाला पुढे जाववत नाही. आपल्या मुंबईतल्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे केलेल्या खटपटीने. कोल आपल्या आकड्यांना बसले त्याच्या आधी जेमतेम दहा वर्षे. तोवर त्या कामगाराला स्वतःचा म्हणावा असा वार नव्हता. सुट्टीची मागणी करताना आपण नेहमी थकलेल्या शरीराचे कारण पुढे करतो, आणि ते खरेच आहे. परंतु सुट्टी ही डोक्यासाठीही असते. कोल प्राध्यापक होते, तरी हे काम त्यांनी केले ते पगाराच्या वेळात नव्हे. पॉवर्सने केले ते रेल्वेची नोकरी सांभाळून. पर्वुशिनने केले ते खेड्यातली प्रार्थना आणि बारशी आटोपून. मालकाने विकत न घेतलेल्या वेळात माणसे काय करतात, याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात येत नाही.

दुसरी गोष्ट शोध आणि पडताळा यांतल्या अंतराची. शोधायला तीन वर्षांचे रविवार. पडताळायला एक तास. ज्ञानाच्या क्षेत्रात सामान्य माणसाची पत राहते ती या अंतरामुळे. शोध लावणे सर्वांना जमणार नाही, पण शोध उघड मांडला असेल तर तपासणे पुष्कळांना जमेल. आमच्या माहितीतल्या एका कारखान्यात बोनसचा हिशेब तज्ज्ञांनी केला आहे, तो तुम्हाला समजायचा नाही, असे कामगारांना सांगण्यात आले होते. चौथीपर्यंत शिकलेल्या एका फिटरने एवढेच म्हटले, की समजायचे नंतर पाहू, आधी बेरीज दाखवा. बेरीज दाखवली गेली, आणि ती चुकली होती. त्या फिटरने मर्सेनचे नाव ऐकले नव्हते. परंतु मर्सेनला जे कोणी विचारायला हवे होते तेच त्याने विचारले.

आमच्या एकवीस अंकी संख्येचे अवयव आजचे संगणक यंत्र डोळ्याचे पाते लवायच्या आत पाडते. म्हणून प्रश्न संपला असे मात्र नाही. तो फक्त पुढे सरकला. १९७७ साली रिव्हेस्ट, शामीर आणि अ‍ॅडलमन या तिघांनी याच अंतरावर गुप्तलेखनाची एक पद्धत उभी केली. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार जगजाहीर करायचा. ज्याला अवयव ठाऊक तोच मजकूर उलगडणार. त्यांनी १२९ अंकांची एक संख्या आव्हान म्हणून छापवली, आणि हिचे अवयव पाडायला कोट्यवधी वर्षे लागतील असे तेव्हा वाटत होते. १९९४ साली ते पडले. पाडले ते जगभरच्या सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी, काम वाटून घेऊन, आपापल्या जागचे यंत्र मोकळे असेल तेव्हा त्याला कामाला लावून, सुमारे आठ महिन्यांत. १९९६ पासून मर्सेन संख्यांचा शोधही अशाच सामुदायिक रीतीने चालू झाला. त्यातूनच ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांना घातांक १३,६२,७९,८४१ ची मूळ संख्या सापडली. तिचे अंक ४,१०,२४,३२०. तिच्यावर शेवटचे शिक्कामोर्तब झाले ते ल्यूकाच्याच रीतीने : वर्ग करा, दोन वजा करा, भागा, बाकी पाहा. एकट्याच्या तीन वर्षांच्या रविवारांपासून हजारोंच्या सहकारापर्यंत हा प्रवास आला आहे. संघटनेचे महत्त्व पटवायला आम्हाला याहून चांगले उदाहरण सापडले नसते.

कोल यांनी १९२० साली चिटणीसपद सोडले, तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांच्यासाठी निधी जमवला. तो त्यांनी संस्थेलाच परत दिला, आणि त्यातून त्यांच्या नावाचे पारितोषिक सुरू झाले. २६ मे १९२६ रोजी ते वारले.

आता एक विनंती. आज घरी गेल्यावर कागदाचा एक ताव घ्या आणि कोल यांचा गुणाकार स्वतः करा. वाटतो तितका तो अवघड नाही. खालच्या संख्येत १, २, ३, ७ आणि ९ एवढेच अंक आणि एक शून्य आहे. त्यातला ७ तीन वेळा आणि १ दोन वेळा येतो. म्हणजे ओळी आठ लिहायच्या, पण गुणायचे चारच अंकांनी. घरात शाळेत जाणारे मूल असेल तर त्यालाही शेजारी बसवा. उत्तर चुकले तर हातचे तपासा. आम्ही सांगितले म्हणून मात्र ते बरोबर आहे असे मानू नका.